ताईची फाईल

मखमलाबाद, नाशिक
१२ फेब्रुवारी २००५

चि. सौ. रूपाली हिस,

तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमनने ओट्यावर टाकलं तेव्हा वाटलं, नेहमीसारखं ठमाकाकूंना असेल, लेकीचं आईला. बघते तर वर माझं नाव. एका घरच्या दोघी चुलत बहिणी आपण, पण साडेतीन वर्षं दिवाळीला तू माहेरी आलीस की 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे बोललो नाही. आणि आता एकदम दोन पानं, तीही कामाची. असो. काम असल्याशिवाय कोण कोणाला लिहितं?

फोन बैठकीत आहे आणि सगळं घर ऐकतं, ई-मेल उघडावी तर सेंटरात मागे चार जण उभे असतात, म्हणून पत्र, असं तू लिहिलंस. बरं केलंस. मलाही ऑफिसात घरच्या गोष्टी नकोत.

तर देवळ्यात तुझं कॉम्प्युटर सेंटर निघालं. सासऱ्यांनी रस्त्यावरची खोली दिली, जावईबापू स्वराजरावांनी चार मशीनं आणून दिली, फोनची लाईन एकच, आणि त्या एका लाईनवर चारही मशीनं चालावीत म्हणून तू कॉम्प्युटर क्लासातला आपला जुना प्रॉक्सी प्रोग्रॅम काढून लावलास. हे सगळं मला काकूंकडून आधीच कळलं होतं. रोज संध्याकाळी फुलं निवडताना काकू तेच लावून धरतात. "आमच्या रूपीनं सासऱ्याला कॉम्प्युटर शिकवला म्हनं. हाय का तुमच्या हापिसात असं कोन?" मी म्हणते, नाही. आमच्या ऑफिसात सासरे नसतात.

आता तुझी अडचण. सेंटरात कांद्याच्या बाजारभावाचं पान उघडलं की भाव जुने दिसतात, कधी कधी आठवड्यापूर्वीचे. त्या पानावर तारीख नसते, त्यामुळे आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. आता लोक बोलायला लागलेत. तुझा भाग तू तीनदा तपासलास, त्यात काही सापडलं नाही. आणि मग तू लिहिलंस, "प्रॉक्सीच्या नियमांची फाईल मी उघडलेली नाही. ती ताईची फाईल. तूच बघ."

अजूनही उघडली नाहीस? गंमतच आहे. फ्लॉपी तुझ्याकडे, मशीन तुझं, सेंटर तुझं, आणि फाईल मात्र ताईची.

मला वाटतं दोष लाईनचा असावा. तिकडच्या फोनला काय धड असतं का? मशीन बंद करून चालू करून बघ. इथे मार्च अखेरीची कामं आहेत, मला सवड होईल तेव्हा बघीन.

लहानगीला आशीर्वाद. तिचे फोटो काकूंनी दाखवले. नाक आपल्या घरचं आहे.

दीपमाला


मखमलाबाद
२१ फेब्रुवारी २००५

चि. सौ. रूपाली,

तुझं दुसरं पत्र आठ दिवसांत आलं. म्हणजे लाईनचा दोष नव्हता.

तुझ्या सासऱ्यांनी, खंडेरावमामांनी, सेंटरातला भाव बघून कांद्याच्या दोन ट्रॉल्या लासलगावला नेल्या, त्यांच्या भरवशावर शेजारच्या चार-पाच जणांनीही नेल्या, आणि तिथे लिलावात भाव कधीचाच उतरलेला. एकाने येऊन तू छापून दिलेला कागद तुझ्या टेबलावर आपटला, सगळ्यांसमोर. तू लिहिलंस की त्यापेक्षा सासऱ्यांचं गप्प राहणं जास्त लागलं. दोन दिवसांनी जेवताना ते एवढंच म्हणाले, "मशीन शे पोरी ते, देव नही."

खरं सांगू? ते वाक्य वाचून मला तुझी कीव यायला हवी होती. मला आधी हेवा वाटला. माझ्याकडून असलं काही झालं असतं तर आपल्या घरात वर्षभर पुरलं असतं. तुला मात्र सासरा मिळाला तोही असा. तुझ्या वाट्याला नेहमी समजून घेणारीच माणसं येतात. क्लासात सर तसे, घरात आजोबा, आपले कोंडाजीबाबा तसे. मी तुला माऊस धरायला शिकवला, आठवतंय? तो उचलून हवेत फिरवत होतीस. मी हसले तर बाबा मलाच ओरडले.

बरं. सोबत फ्लॉपी आहे. पुठ्ठ्यात नीट बांधली आहे, तरी पोस्टवाले काय करतील सांगता येत नाही. तिच्यात नियमांची नवी फाईल आहे. जुनी पुसून टाक आणि ही त्या जागी ठेव, नावात बदल करू नकोस. जुन्या नियमांत काही गोष्टी आता लागू होत नव्हत्या, त्या काढल्या आहेत. वर्षं झाली, असं होतं. जुनी ठेवून घ्यायची काही गरज नाही.

भाव आता रोजचे दिसतील.

दीपमाला


मखमलाबाद
८ मार्च २००५

रूपाली,

पेढे पोचले. घरात सगळ्यांनी खाल्ले, मी एक.

भाव नीट दिसायला लागले, हे चांगलं झालं. पण तुला कोणी सांगितलं होतं एवढा गाजावाजा करायला? सेंटरात दहा माणसं बोलावून त्यांच्यासमोर उभी राहिलीस, "चूक माझी होती, माझ्या ताईने नाशिकहून दुरुस्त करून पाठवली" असं म्हणालीस, वर त्या कागद आपटणाऱ्या माणसालाच पहिला पेढा दिलास. आणि आता फळ्यावर खडूने लिहिलं आहेस की तांत्रिक मार्गदर्शन दीपमालाताई. पुसून टाक ते. आजच पुस.

काकू तर हवेत आहेत. "बघ, चूक कबूल करायला बी मोठं काळीज लागतं." कालपासून तीनदा म्हणाल्या. चुकलीस तरी तूच मोठी! मी दुरुस्त केलं तरी तूच मोठी! माझा नुसता जळफळाट झाला. मी ताट तसंच ठेवून उठले.

तुला आठवतं का, तो प्रॉक्सी झाला तेव्हा? कॉलेज रोडवरचा तो क्लास, आठ मशीनं, एक लाईन, आणि इंटरनेटसाठी रांग लावणारी पोरं. सर म्हणाले, कोणी काही करेल का? तू तीन आठवड्यांत करून टाकलंस. एक मशीन लाईनवर बसवायचं, बाकीच्यांनी त्याला मागायचं, त्याने बाहेरून पान आणून द्यायचं. बाबांना तू ओट्यावर बसून समजावलं होतंस, "बाबा, गल्लीतल्या आठ बायांचा बाजार एकाच बाईने आणायचा, आणि एकीने कालच आणलेली कोथिंबीर दुसरीला हवी असली तर पुन्हा बाजारात जायचं नाही, घरातलीच द्यायची." बाबा लगेच समजले. मी तेच त्यांना दोन दिवस सांगत होते, तर पेंगत होते.

आणि मग तू सरांना म्हणालीस, नियम ताई लिहील. कुठलं पान द्यायचं, कुठलं अडवायचं, कुठल्याची घरातली प्रत किती दिवस चालवायची. तू मुद्दाम असं बांधलं होतंस की तुझ्या कोडला हात न लावता कोणालाही वेगळ्या फाईलमध्ये चार ओळींचा नियम घालता यावा. सरांनी सगळ्यांसमोर त्याचंच कौतुक केलं. म्हणजे माझ्या हाताला काम दिलंस ते कौतुकही तुलाच. मी टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या, तुला वाटलं आनंदाने.

कोणी एकमेकीच्या फाईलला हात लावायचा नाही, हे आपल्या घरातूनच आलं होतं. गुंफायला बसलं की जिची पाटी तिची, दुसरीने तिच्यातलं एक फूल घ्यायचं नाही, कारण मग हार बिघडला तर कोणाचा बिघडला ते कळत नाही. शिकलेल्या पोरी आपण, कॉम्प्युटरमध्येही पाट्याच मांडल्या.

बाबांचा दुसरा नियम आठवतो? गणेशवाडीच्या बाजारातून संध्याकाळी जे परत येईल ते खड्ड्यात. शेवंती असो, गुलाब असो. बाकीचे लोक पाणी मारून दुसऱ्या दिवशी ताज्यात मिसळायचे. बाबा नाही. एकदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या आईने कालचा झेंडू ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवला होता. बाबांनी अख्खी पाटी उपडी केली, ताजी फुलंसुद्धा खड्ड्यात टाकली. म्हणाले, "गिऱ्हाईक भाव करंल, शिव्या देईल, समदं चालंल. पन त्यो देवाला आजचं फूल म्हनून घेऊन जातोय. शिळं द्यायचं तर तोंडानं शिळं म्हना." आई दोन दिवस रडत होती. आपण दोघी दाराआड उभ्या होतो.

मला हे का आठवलं, माहीत नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "ताई, त्या मुलाखतीची तारीख तुला कळली आणि तू मला सांगितली नाहीस, ते मी कधीच सोडून दिलं. एकच जागा होती. माणसाला वाटतं आपल्याला मिळावी. मी उगीच अबोला धरला."

सोडून दिलंस? रूपाली, काय सोडून द्यायचं आहे ते तरी तुला माहीत आहे का?

आता लिहवत नाही.

दीपमाला


मखमलाबाद
१३ मार्च २००५, रविवार

रूपे,

तुझं उत्तर यायच्या आत हे टाकते आहे. नाहीतर तू पुन्हा काहीतरी चांगलं लिहिशील आणि मी पुन्हा कच खाईन.

जुनी फाईल पुसून टाक म्हटलं होतं. तू टाकली असशील, न उघडता. म्हणून मी माझ्याकडच्या प्रतीवरून ती आज हाताने उतरवून काढली आहे, वेगळ्या कागदावर, सोबत आहे. सातवा नियम बघ. पत्त्यात 'टुडे' हा शब्द असलेलं कुठलंही पान एकदा आणलं की त्याची घरातली प्रत सात दिवस द्यायची, बाहेर विचारायलासुद्धा जायचं नाही. कांद्याच्या भावाच्या पानाच्या पत्त्यात 'टुडे' आहे. तुझ्या सेंटरात जे झालं ते त्या एका नियमाने झालं. तुझी चूक नव्हती. लाईनची नव्हती. तो नियम मी लिहिला, १६ जून २००१ला, शनिवारी, तू सरांसाठी चहा सांगायला खाली गेली होतीस तेव्हा.

आता तुला आठवेल. सातपूरच्या कंपनीला एकच माणूस हवा होता, आपण दोघींनी अर्ज केला होता, आणि मुलाखतीची तारीख ते त्यांच्या वेबसाईटवरच लावणार होते. त्या पानाच्याही पत्त्यात 'टुडे' होतं. मी कंपनीचं नाव नियमात लिहू शकत होते. लिहिलं नाही, कारण चुकून तुझी नजर पडलीच तर नाव दिसेल. नुसतं 'टुडे' दिसलं तर वाटेल, असेल काहीतरी सोयीचं. एवढं डोकं मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात चालवलं नाही. आणि नाव लपवायला शब्द मोकळा सोडला, म्हणून तो साडेतीन वर्षांनी देवळ्यात जाऊन कांदेवाल्यांना लागला. मला तर तेव्हा फक्त तुला अडवायचं होतं.

तो आख्खा आठवडा तू रोज दुपारी ते पान उघडत होतीस. 'तारीख लवकरच कळवू.' मी शेजारच्या खुर्चीवर बसून बघत होते. "ताई, हे लोक किती ढिले आहेत गं," तू म्हणायचीस, आणि मी म्हणायचे, हो ना. मी मात्र सकाळी सर यायच्या आधी जाऊन, प्रॉक्सी सुरू करायच्या आधी, लाईन सरळ माझ्या मशीनला लावून बघत होते. बुधवारी तारीख लागली. शुक्रवारी मुलाखत. घरी सांगितलं, दात दुखतोय, डॉक्टरकडे जाते. तूच मला लवंग आणून दिलीस. ती दाताखाली धरून मी सातपूरला गेले.

तिथे त्यांनी विचारलं, स्वतः काय केलं आहे? मी तुझा प्रॉक्सी सांगितला. तू बाबांना सांगितलं होतंस तसंच, कोथिंबिरीसकट. ते हसले, खूश झाले. कोणी लिहिला विचारलं तर मी म्हणाले, मी.

म्हणजे मी तुला तारीख सांगितली नाही, हे जे तू सोडून दिलंस ना, ते काहीच नव्हतं. मी तुला आठवडाभर शिळं पान ताजं म्हणून दिलं. आणि तुझंच काम माझं म्हणून दाखवून तुझी जागा घेतली. नंतर तो नियम काढायला हवा होता. पण नोकरी लागली त्या दिवसापासून मी त्या क्लासची पायरी चढले नाही. तू रडून डोळे सुजवून घेतले होतेस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. वर्षभरात तुला स्थळ आलं. तुझ्या लग्नात मी ट्रेनिंग म्हणून पुण्याला गेले. ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं, मी सहा दिवस राहिले.

तुला वाटेल, आता हिला पश्चात्ताप झाला. झाला असेल. पण खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे, म्हणून लिहिते, की आधी मत्सरच झाला. तू देवळ्यात गेलीस, चूल-पोर करशील, विसरशील, मग माझ्या पोटातली आग विझेल असं मला वाटलं होतं. तर तू तिथेही खोली मागितलीस, मशीनं लावलीस, आणि माझ्या सडक्या नियमासकट तो प्रॉक्सी उभा केलास. मला इथे ऑफिसात अजून 'प्रॉक्सीवाल्या मॅडम' म्हणतात. साडेतीन वर्षांत मी तसं एकही काम केलेलं नाही. लोकांनी लिहिलेलं दुरुस्त करते, बस. प्रत्येक वेळी कोणी त्या नावाने हाक मारली की मी तुझा राग करते. माझी हिंमत बघ, तुझाच!

आणि तू दहा माणसांसमोर माझी चूक आपल्या अंगावर घेतलीस. न विचारता, न बघता. फाईल उघडली असतीस तर एका मिनिटात कळलं असतं. तू उघडली नाहीस, कारण ती ताईची. सगळ्यांत जास्त मी कशावर जळत असेन तर ह्यावर. मला कोणावर असा विश्वास टाकता येत नाही.

काल काकूंना सांगितलं. आधी तुला लिहायचं होतं, पण त्या पुन्हा तुझ्या मोठ्या काळजाचं सुरू करणार तेवढ्यात तोंडातून निघून गेलं. त्या बराच वेळ शेवंतीच्या काड्या मोडत बसल्या. मग म्हणाल्या, "तिला सांगितलंस का?" मी म्हटलं, लिहिते. "मंग मला कशाला सांगतीस? जिचं हाय तिला सांग." आणि माझी पाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. आज दिवसभर बोलल्या नाहीत. जेवायला मात्र वाढलं.

सासऱ्यांना आणि त्या बाकीच्या लोकांना हे पत्र दाखव. फळ्यावर माझं नाव अजून असेल तर त्याच्याखाली लिही की शिळे भाव हिनेच दिले. खंडेरावमामांना माझा नमस्कार सांगू नकोस, मी स्वतः येऊन सांगेन, तू येऊ दिलंस तर.

आता शेवटचं. आमच्या कंपनीत जागा निघाली आहे. माझ्या हाताखाली नाही, माझ्या बरोबरीची. मी शुक्रवारी साहेबांकडे गेले आणि सांगितलं की २००१ साली मी जो प्रॉक्सी माझा म्हणून सांगितला तो माझ्या बहिणीचा होता. ते म्हणाले, तुमचं काय करायचं ते मी नंतर बघतो, पण त्यांना अर्ज करायला सांगा. मला ठेवतील की काढतील ते अजून माहीत नाही. ठेवलं तरी तू आलीस तर वर्षभरात तू माझ्या वरच्या खुर्चीवर बसशील, हे मला आत्तापासून दिसतं आहे. लिहिताना पोटात दुखतं आहे, खरंच दुखतं आहे. तरी अर्ज कर. सेंटर आहे, लहानगी आहे, देवळ्याहून रोज जमणार नाही, हे सगळं मला कळतं. नको वाटलं तर नको म्हण. पण ह्या वेळी तारीख बघून नको म्हण.

पेपरातली जाहिरात कापून सोबत ठेवली आहे. नुसती जाहिरात कापणार होते, पण पानाची वरची पट्टीही ठेवली आहे, तारखेची. रविवार, १३ मार्च २००५. आजचाच पेपर आहे, रूपे. मुलाखत २६ तारखेला, सकाळी दहाला.

ताई